टेबल रिकामं, तरी कंट्रोलर जोडलेला: इन-बँड, आउट-ऑफ-बँड आणि मधली गंमत

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘चार सर्व्हरांवर ओपन व्हीस्विच (सॉफ्टवेअरमधला नेटवर्क स्विच) आहे. प्रत्येकाचं नेटवर्क कार्ड ब्रिजमध्ये, म्हणजे त्या स्विचमध्ये, टाकलंय आणि आयपी ब्रिजच्या लोकल पोर्टवर (त्या मशीनच्या स्वतःच्या पोर्टवर) हलवलाय. ओपनफ्लो कंट्रोलर (स्विचांना नियम पुरवणारा प्रोग्राम) त्याच नेटवर्कवरच्या पाचव्या मशीनवर आहे. फेल-मोड सिक्युअर (कंट्रोलर नसला तरी स्विचने स्वतःच्या मनाने काही पुढे पाठवायचं नाही). कंट्रोलरने अजून एकही फ्लो (‘असं पॅकेट आलं तर असं कर’ हा नियम) टाकलेला नाही, फ्लो दाखवणारी डंप-फ्लोज ही कमांड रिकामी येते, तरीही स्विच कंट्रोलरला जोडलेला दिसतो. एसएसएच (दुरून लॉगिन) मात्र मेलंय. हा काय प्रकार आहे? आणि पुढे दोन डझन स्विच करायचे आहेत, तर कंट्रोलसाठी वेगळं नेटवर्क टाकू की आहे तसंच चालवू?’

बग नाही. फ्लोंचं टेबल रिकामं नाहीये, तुम्हाला रिकामं दाखवलं जातंय. कंट्रोलर जोडताना तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही, तर ओपन व्हीस्विच तो कंट्रोलर इन-बँड आहे, म्हणजे डेटाच्याच वाटेने त्याच्याशी बोलायचंय (वेगळ्या वाटेने बोलणं ते आउट-ऑफ-बँड), असं धरतो आणि गुपचूप स्वतःचे काही फ्लो बसवतो. नेहमीच्या ओव्हीएस-ओएफसीटीएल डंप-फ्लोजमध्ये ते येत नाहीत. ओव्हीएस-ॲपसीटीएल वापरून ब्रिज/डंप-फ्लोज मागा, पुढे ब्रिजचं नाव द्या, की दिसतील. प्रायॉरिटीच्या रकान्यात १८०००० आणि त्यापुढचे आकडे असतील. कंट्रोलरला देता येणारी सर्वांत मोठी प्रायॉरिटी ६५५३५. म्हणजे कंट्रोलरने काहीही लिहिलं, अगदी ‘सगळं पुसून टाक’ म्हटलं, तरी या फ्लोंना धक्का लागत नाही.

हे का करावं लागतं? सिक्युअर मोडमध्ये टेबल रिकामं असेल तर स्विच प्रत्येक पॅकेट टाकून देतो. फ्लो मिळवायला कंट्रोलर हवा, कंट्रोलरपर्यंत पोचायला पॅकेट सुटलं पाहिजे, आणि पॅकेट सुटायला फ्लो हवा. कंट्रोलची केबल वेगळी असेल तर हा पेच उद्भवतच नाही, कारण ती वाहतूक टेबलाच्या वाटेलाच जात नाही. एकाच केबलवरून दोन्ही चालवायचं असेल तर मात्र कुणीतरी आधी चोरवाट ठेवायला हवी. ओपनफ्लोच्या स्पेसिफिकेशनने त्यासाठी लोकल पोर्ट ठेवला, कंट्रोलची वाहतूक टेबलातून जाणार नाही, ती स्विचने आधीच ओळखून बाजूला काढावी, असंही म्हटलं, आणि ती कशी ओळखायची हे स्विच बनवणाऱ्यावर सोडलं. ओपन व्हीस्विचने ते छुप्या फ्लोंनी केलं.

शब्द तसा जुना आहे. टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक लाइन मोकळी आहे हे सांगणारा २६०० हर्ट्झचा सूर ज्या तारेवरून माणसं बोलत त्याच तारेवरून जायचा. तोच सूर बाहेरून वाजवून फुकट कॉल करणारे ‘ब्लू बॉक्स’वाले यातूनच निपजले. एटी अँड टीने १९७६ पासून सिग्नल वेगळ्या जाळ्यावर न्यायला सुरुवात केली, त्याला हेही एक कारण होतं. बोलणं आणि हुकूम एकाच तारेवर असले की बोलणारा हुकूम देऊ शकतो. हे लक्षात ठेवा, खाली लागेल.

आता ते छुपे फ्लो जवळून बघू, कारण तुमच्या एसएसएचचं उत्तर त्यांतच आहे. स्विचच्या लोकल पोर्टवरून निघालेली डीएचसीपी विनंती (स्वतःसाठी आयपी मागणारी) सुटते. लोकल पोर्टच्या मॅक पत्त्याने (कार्डाच्या पत्त्याने) पाठवलेल्या एआरपी विनंत्या (‘या आयपीचा मॅक कोणता?’ असं विचारणाऱ्या) आणि त्या पत्त्याला आलेली एआरपी उत्तरं सुटतात. कंट्रोलरकडे जाताना जो पुढचा टप्पा लागतो, म्हणजे राउटर किंवा खुद्द कंट्रोलर, त्याच्या मॅकने केलेल्या एआरपी विनंत्या आणि त्याला जाणारी उत्तरं सुटतात. कंट्रोलरच्या आयपीने केलेल्या विनंत्या आणि त्या आयपीला जाणारी उत्तरंही सुटतात. आणि शेवटी कंट्रोलरचा आयपी नि पोर्ट, बहुधा ६६५३ किंवा जुना ६६३३, या जोडीकडे जाणारं आणि तिच्याकडून येणारं टीसीपी. बस्स. सगळ्यांची क्रिया एकच: ‘नॉर्मल’, म्हणजे साध्या मॅक शिकणाऱ्या स्विचसारखं पुढे पाठव.

या यादीत पोर्ट २२ कुठेच नाही. तुमचा लॅपटॉप स्विचच्या आयपीसाठी एआरपी विनंती सोडतो, ती वरच्या कुठल्याच नियमात बसत नाही, सिक्युअर मोडचं टेबल ती गिळून टाकतं. गंमत म्हणून कंट्रोलरच्याच मशीनवरून त्या स्विचला पिंग करून बघा. एआरपी टेबलात स्विचचा मॅक नीट येईल, पिंगला उत्तर येणार नाही. एआरपी सुटलं, आयसीएमपी अडलं. मी नव्या मुलांना हा प्रयोग मुद्दाम करायला लावतो. इन-बँड म्हणजे ‘मॅनेजमेंट चालू राहतं’ असा जो समज असतो, तो पाच मिनिटांत जातो. इन-बँड फक्त कंट्रोलरपुरतं बघतं, आणि मॅनेजर टेबलात नोंद असेल तर ओव्हीएसडीबीच्या (स्विचच्या सेटिंगांच्या डेटाबेसच्या) दूरच्या मॅनेजरपुरतं. तुमचं एसएसएच, तुमचं मॉनिटरिंग, वेळ जुळवणारं एनटीपी, हे सगळं कंट्रोलरने फ्लो टाकल्यावरच सुटणार.

आता दोन गोष्टी, ज्या यादी वाचून लगेच लक्षात येत नाहीत.

पहिली सुरक्षेची. कंट्रोलरकडे जाणाऱ्या टीसीपीच्या नियमात ‘कुठल्या पोर्टवरून आलं’ ही अट नाही. त्या ब्रिजला जोडलेलं कुठलंही व्हर्च्युअल मशीन कंट्रोलरच्या आयपीवर, त्या पोर्टवर थेट दार ठोठावू शकतं, आणि तुम्ही कंट्रोलरमधून कितीही कडक धोरण लिहा, हा नियम त्याच्या वर बसलाय. तसंच ‘मीच कंट्रोलर’ म्हणून सोडलेली खोटी एआरपी विनंतीही सुटते. ब्लू बॉक्सचीच ही जात. म्हणून इन-बँडमध्ये साधं टीसीपी कनेक्शन मी ठेवू देत नाही. टीएलएस (एन्क्रिप्ट केलेली जोडणी), आणि तेही दोन्ही बाजूंची सर्टिफिकेटं तपासून. ही अट नाही, पण नसेल तर मी सही करत नाही.

दुसरी, साखळीची. तुमचे चारही स्विच आज कंट्रोलरला एका उडीत जोडलेले असतील. दोन डझन झाले की काही स्विच इतर स्विचांच्या मागे जातील. मधला स्विच मागच्याचं कंट्रोल ट्रॅफिक पुढे सोडतो, कारण नियम कंट्रोलरच्या पत्त्यावर आहे, पाठवणाऱ्यावर नाही. पण हे दोघांचा कंट्रोलर एकच पत्ता नि पोर्ट वापरत असेल तरच. मधल्याचा कंट्रोलर वेगळा असेल तर मागचा अंधारात. आणि मागच्याने आयपी डीएचसीपीने घ्यायचा ठरवला असेल तर घोडं तिथेच पेंड खातं: मधला स्विच फक्त स्वतःच्या डीएचसीपीला वाट देतो, मागच्याच्या नाही. त्यासाठी मधल्याच्या कंट्रोलरने वेगळा फ्लो टाकावा लागतो. वीज जाऊन सगळं एकदम उठतं तेव्हा हे नेमकं नडतं. रोज सगळं सुरळीत असतं म्हणून कुणाच्या ध्यानात नसतं. इन-बँड साखळीत लोकल पोर्टला हाताने दिलेला कायमचा आयपी, यावर मी तडजोड करत नाही.

‘नॉर्मल’ या क्रियेचा आणखी एक तोटा आहे. मॅक माहीत नसेल किंवा ब्रॉडकास्ट असेल तर नॉर्मल सगळ्या पोर्टांवर पसरवतं. तुमच्या जाळ्यात कुठेही वळसा असेल, आणि कंट्रोलर आपल्या फ्लोंमधून तो वळसा तोडत असेल, तर छुप्या फ्लोंना त्या हुशारीचा पत्ताच नाही. एआरपी फिरत राहतं. ओपनस्टॅक या क्लाउड सॉफ्टवेअरच्या न्यूट्रॉनमध्ये, म्हणजे नेटवर्क सांभाळणाऱ्या भागात, हे प्रत्यक्ष घडलं. तिथे प्रत्येक सर्व्हरवरचा एजंट स्वतःच ओपनफ्लो कंट्रोलर बनतो, पत्ता १२७.०.०.१. तरी डिफॉल्टने इन-बँड चालू व्हायचं, छुपे फ्लो बसायचे आणि टनेलच्या ब्रिजवर लूप व्हायचा. आता न्यूट्रॉन आपल्या ब्रिजवर आउट-ऑफ-बँड जबरदस्तीने लावतं, आणि कारण कोडमध्येच टिपणात लिहून ठेवलंय. कंट्रोलर त्याच मशीनवर आहे म्हटल्यावर इन-बँडची गरजच नव्हती. तुम्हाला प्रत्यक्ष वायरीवर इन-बँडच ठेवायचं असेल आणि वळसे असतील, तर ब्रिजवर आरएसटीपी (वळसा ओळखून जादा दुवा बंद ठेवणारा प्रोटोकॉल) चालू करा.

जाता जाता मिनीनेटबद्दल, म्हणजे एकाच संगणकात सरावाचं नेटवर्क उभं करणाऱ्या साधनाबद्दल. बहुतेक जण ओपनफ्लो मिनीनेटवर शिकतात. तिथे स्विच आणि कंट्रोलर एकाच लिनक्समध्ये, लूपबॅकवरून बोलतात, आणि मिनीनेट स्वतःच ब्रिजवर इन-बँड बंद करून टाकतं. त्यामुळे तिथे दोन वर्षं काम केलेल्या माणसानेही हा प्रश्न कधी पाहिलेला नसतो. शाळेत पोहण्याचा तास वाळूत घेतल्यासारखं आहे ते.

तर मग वेगळं नेटवर्क टाका आणि मोकळे व्हा, असं म्हणू? थांबा. आधी मला महागात पडलेला एक प्रसंग ऐका.

एका ठिकाणी आठ स्विचांची रिंग होती, सगळे ओपन व्हीस्विचवर चालणारे. कंट्रोल पूर्ण आउट-ऑफ-बँड: प्रत्येक स्विचचा वेगळा मॅनेजमेंट पोर्ट, सगळ्या केबली एका साध्या स्विचमध्ये, तिथून कंट्रोलर. रिंगमधला एक दुवा कंट्रोलर फ्लोंच्या आधारे मोकळा ठेवायचा, त्यामुळे लूप नव्हता. आरएसटीपी बंद, कारण ‘कंट्रोलर आहे ना’. फेल-मोडला कुणी हात लावलेला नव्हता, आणि ओपन व्हीस्विचचा डिफॉल्ट फेल-मोड स्टँडअलोन आहे. एका दुपारी त्या साध्या मॅनेजमेंट स्विचचं फर्मवेअर अपग्रेड करायचं ठरलं. डेटाची एक बिट त्यातून जात नव्हती, म्हणून परवानगीचा कागदही कुणी मागितला नाही. मी स्वतः म्हटलं होतं, करून टाका.

स्विच रीबूट झाला. कंट्रोलरची तपासणी दर ५ सेकंदांची. त्या मुदतीच्या तिप्पट वेळ, म्हणजे १५ सेकंद, कंट्रोलरकडून काही आलं नाही की स्टँडअलोन मोडमधला ब्रिज म्हणतो, चला, आता माझं मी बघतो, आणि साधा मॅक शिकणारा स्विच बनतो. आठही स्विचांनी जवळजवळ एकाच क्षणी असं ठरवलं. मोकळा ठेवलेला दुवा मोकळा राहिला नाही, रिंग बंद झाली, आणि पुढच्या काही सेकंदांत ब्रॉडकास्टचं वादळ. सगळ्या पोर्टांचे दिवे एकाच तालात मिचमिचत होते. ते दृश्य ज्याने पाहिलंय त्याला पुन्हा समजावून सांगावं लागत नाही. मॅनेजमेंट स्विच तीनेक मिनिटांत परत आला, कंट्रोलर सगळ्यांना पुन्हा जोडला गेला आणि वादळ आपोआप शमलं. म्हणजे वेगळ्या केबलीनेच डेटाचं नेटवर्क पाडलं, आणि त्या केबली वेगळ्या होत्या म्हणूनच ते परत उठलं. इन-बँड असतं तर त्या वादळात कंट्रोलरला शिरायलाही जागा मिळाली नसती.

तेव्हापासून मी हा प्रश्न केबलपासून सुरू करत नाही. कंट्रोल तुटल्यावर स्विचने काय करायचं, हे आधी ठरवा. ओपनफ्लो १.० मध्ये त्यासाठी आणीबाणीचे फ्लो वेगळे साठवून ठेवायची सोय होती. १.१ मध्ये ती काढली आणि दोनच मोड राहिले. सिक्युअरमध्ये बसलेले फ्लो तसेच चालू राहतात, कंट्रोलरकडे पाठवायची पॅकेटं मात्र टाकली जातात. इथे एक बारीक मेख आहे: फ्लोंच्या मुदती चालूच राहतात. तुमचा कंट्रोलर पॅकेट आलं की ६० सेकंदांच्या मुदतीचा फ्लो टाकणारा असेल, तर कंट्रोल गेल्यावर सिक्युअर मोडमध्येही नेटवर्क हळूहळू विझत जातं. पहिल्या मिनिटात कुणाला काही कळत नाही, दुसऱ्या मिनिटाला तक्रारी येतात, आणि तोवर सगळे चुकीच्या जागी शोधत असतात. फ्लो आधीच, बिनमुदतीचे टाकणारा कंट्रोलर असेल तर सिक्युअर मोडमध्ये तासभर कंट्रोल नसला तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. स्टँडअलोन मी फक्त एकाच अपलिंकवर बसलेल्या टोकाच्या स्विचला देतो, जिथे वळसा शक्यच नाही.

आता ‘वेगळं’ या शब्दाबद्दल. मॅनेजमेंटचं नेटवर्क कागदावर वेगळं असतं. प्रत्यक्षात ते कशाकशावर टेकलंय हे बघितलेलं नसतं. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचं नेटवर्क जगभर पडलं. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका हुकुमाने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारा कणाच तुटला, तो हुकूम अडवायला हवा होता त्या तपासणीच्या साधनात दोष होता, आणि त्यापाठोपाठ त्यांचे डीएनएस सर्व्हर इंटरनेटवरून दिसेनासे झाले. कंपनीने नंतर स्वतः लिहिलं की नेहमीचा आणि आउट-ऑफ-बँड असे दोन्ही मार्ग बंद होते, म्हणून माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली. डीएनएस गेल्यामुळे दुरुस्तीची अंतर्गत साधनंही चालेनात. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडात रॉजर्सचं झालं ते याहून बोलकं. कोअर नेटवर्कच्या अपग्रेडमध्ये एक फिल्टर काढला गेला, राउटरांवर रूटांचा पूर आला, कोअर बसला. आणि त्यांचं मॅनेजमेंट नेटवर्क त्याच कोअरवर अवलंबून होतं. इंजिनिअरांना आपल्याच राउटरांचे लॉग बघता येईनात. नावाला वेगळं, पाय मात्र त्याच जमिनीवर.

एवढ्या मोठ्या कंपन्यांची गोष्ट सोडा, तुमच्या दोन डझन स्विचांतही हेच प्रश्न आहेत, फक्त लहान. मॅनेजमेंट स्विचला वीज कुठून येते? त्याच पट्टीवरून असेल तर दोन्ही एकदम जातील. स्विचवर लॉगिन करताना पासवर्ड तपासणारा सर्व्हर कुठे आहे? डेटाच्या बाजूला असेल तर डेटा पडल्यावर मॅनेजमेंटची केबल जिवंत असूनही तुम्हाला आत घेतलं जाणार नाही. कंट्रोलर नावाने शोधला जातो की आयपीने? टीएलएसची सर्टिफिकेटं तपासायला घड्याळ बरोबर लागतं, मग वेळ देणारा सर्व्हर कुठल्या बाजूला? मी एकदा पाहिलेल्या जागी सगळं नीट वेगळं होतं, फक्त मॅनेजमेंट नेटवर्कचा डिफॉल्ट गेटवे म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं होतं तो राउटर ओपनफ्लो स्विचच्या पलीकडे बसलेला होता. तीन वर्षं कुणाला पत्ता नव्हता.

इन-बँडची बाजूही मांडायला हवी, नाहीतर मी एकतर्फी होईन. जिथे स्विचपर्यंत दुसरी तार नेणं शक्यच नाही, म्हणजे शहराबाहेरच्या टोकाच्या जागा, रेडिओच्या दुव्यांनी जोडलेले स्विच, शेकडो छोट्या शाखा, तिथे इन-बँड हाच खरा पर्याय आहे. आणि त्याचा एक फायदा मला आवडतो: कंट्रोल तिथवर पोचतोय म्हणजे डेटाही पोचतोय. आउट-ऑफ-बँडमध्ये कंट्रोलरच्या पडद्यावर स्विच हिरवा असतो आणि डेटाची केबल कधीची उंदराने कुरतडलेली असते. तो गैरसमज इन-बँडमध्ये होत नाही.

पण गर्दी सांभाळावी लागते. माझ्याकडे एका दूरच्या जागेचा स्विच रोज रात्री ठरावीक वेळेला कंट्रोलरपासून तुटायचा. तो बॅकअपचा तास होता. लिंक भरली की कंट्रोलच्या तपासणीचं उत्तर रांगेत अडकायचं, स्विच समजायचा कंट्रोलर मेला, तोडून पुन्हा जोडायचा. आणि जोडला गेला की आमचा कंट्रोलर सगळे फ्लो पुसून नव्याने लिहायचा, तेही त्याच भरलेल्या लिंकवरून. दुष्काळात तेरावा महिना. उपाय तीन केले. लिंकच्या पोर्टवर रांगा बांधून एक रांग कंट्रोलसाठी राखली आणि ब्रिजच्या इतर सेटिंगांत इन-बँड-क्यू म्हणून तिचा क्रमांक दिला. इथे सावध राहा: त्या क्रमांकाची रांग त्या पोर्टवर नसेल तर ओपन व्हीस्विच निमूटपणे डिफॉल्ट रांग वापरतो, तक्रार करत नाही. दुसरं, तपासणीची मुदत ५ वरून ३० सेकंदांवर नेली. तिसरं, आणि सर्वांत उपयोगी, पुन्हा जोडणी झाल्यावर सगळं पुसण्याऐवजी फक्त फरक लिहायला कंट्रोलर शिकवला. ओपन व्हीस्विच कंट्रोलच्या पॅकेटांवर डीएससीपी ४८ ची खूण आपोआप लावतो, तिचा अर्थ ‘हे आधी जाऊ द्या’. मात्र मधली उपकरणं ती खूण मानत असतील तरच. बहुतेक ठिकाणी ती मानतात असं नुसतं गृहीत धरलेलं असतं.

एक मधला मार्गही आहे, आणि प्रत्यक्ष हार्डवेअर स्विच घेणार असाल तर तो आधी तपासा. हायब्रिड स्विचमध्ये काही व्हीलॅन (त्याच केबलवरची वेगळी आभासी नेटवर्कं) ओपनफ्लोच्या ताब्यात आणि काही जुन्या पद्धतीने चालतात. कंट्रोलचा व्हीलॅन जुन्या पद्धतीवर ठेवला की केबल तीच, पण कंट्रोल ओपनफ्लोच्या टेबलात शिरतच नाही. चुकीचा फ्लो टाकून तुम्ही स्वतःचा गळा कापू शकत नाही. लूपचं काम आरएसटीपी करतं. केबल तुटली तर दोन्ही जातात, हे मात्र उरतंच.

तुमच्या बाबतीत माझं मत: दोन डझन स्विच एकाच इमारतीत असतील तर वेगळं नेटवर्क टाका, फेल-मोड सिक्युअरच राहू द्या, आणि फ्लो आधीच लिहून ठेवणारा कंट्रोलर वापरा. काही स्विच दूर असतील तर तेवढ्यांना इन-बँड किंवा कंट्रोलचा व्हीलॅन, सोबत मोबाइल मॉडेमवरचा कन्सोल.

आता आजचं एसएसएच. तात्पुरतं हवं असेल तर कन्सोलवरून एक साधा फ्लो टाका: कमी प्रायॉरिटी, क्रिया नॉर्मल. वळसा नसेल तर चालेल, पण त्यामुळे ब्रिज साधा स्विच बनतो, हे विसरू नका आणि काम झालं की काढा.

वेगळ्या नेटवर्कवर जाताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी दुसरं नेटवर्क कार्ड ब्रिजच्या बाहेर ठेवून त्याला मॅनेजमेंटचा आयपी द्या. मग लिनक्सला विचारा, कंट्रोलरच्या नव्या पत्त्याकडे जायचा रस्ता कुठून आहे. उत्तरात ब्रिजचं नाव आलं तर तुमचं आउट-ऑफ-बँड फक्त नावापुरतं आहे. आधी रूट दुरुस्त करा. त्यानंतर कंट्रोलरचा पत्ता बदला, आणि जोडणी झाल्याचं ओव्हीएस-व्हीएससीटीएलमध्ये दिसेपर्यंत थांबा. इन-बँड बंद करणं सगळ्यांत शेवटी. ते कंट्रोलरच्या नोंदीवर कनेक्शन-मोडने करण्यापेक्षा ब्रिजवर डिसेबल-इन-बँड लावून करा. कारण सेट-कंट्रोलरने नवा पत्ता दिला की कंट्रोलरची जुनी नोंद जाते, नवी येते, आणि नव्या नोंदीवर तो मोड पुन्हा डिफॉल्टचा, म्हणजे इन-बँड असतो. सहा महिन्यांनी कुणीतरी पत्ता बदलेल आणि छुपे फ्लो हळूच परत येतील. ब्रिजवरची सेटिंग तशी पुसली जात नाही. शेवटी ब्रिज/डंप-फ्लोज पुन्हा मागा. १८०००० च्या पुढचं काही उरलं नसेल तर झालं. आणि हे सगळं करताना एसएसएच त्या ब्रिजवरून नको, कन्सोल किंवा नव्या कार्डावरूनच.